घरगुती घोरणे, पंख्यासह

माननीय मेहुणेसाहेब यांस, चष्म्याच्या दुकानाच्या गल्ल्यावरून भावोजींचा, समोर गिऱ्हाईक नसल्यामुळे सवडीने केलेला नमस्कार.

पत्रास कारण की, कारण आहे. ते पुढे येईल. आधी तुमची ख्यालीखुशाली. गुडघा कसा आहे? जिने चढताना अजून त्याला शिव्या घालता, की आता त्याच्याशी बोलणंच टाकलंत? वहिनींनी चष्मा बदलला का? (नसेल तर घाई करू नका. जुन्या नंबरातून नवरा जरा बरा दिसतो. धंद्याच्या विरुद्ध सल्ला देतोय, पण नातं आहे म्हणून.) आणि तुमच्या त्या मायक्रोफोनची प्रकृती? त्याला थंडीवाऱ्यात घालायचं ते लोकरीचं झबलं अजून आहे ना? टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली माणसं बागकाम करतात, शेजाऱ्यांशी भांडतात. तुम्ही मात्र पक्षी, बिजागऱ्या आणि नळ रेकॉर्ड करत हिंडता, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. म्हणजे होता.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण मी ते लिहिणार नाही. इकडे काय झालं ते सविस्तर ऐका. अर्थात ऐकण्यात तुमचा हात कोण धरणार!

आमच्या गल्लीतल्या दुकानदारांचं नाटकमंडळ तुम्हाला ठाऊक आहे. दरवर्षी एक नाटक होतं. ते आमच्या शेजारचे दंतवैद्य लिहितात, तेच बसवतात आणि तेच सगळ्यांच्या वतीने रागावतात. (दिवसभर लोकांना ‘आ करा’ सांगून त्यांना सवय झाली आहे की समोरचा माणूस उलट बोलूच शकत नाही.) गेल्या वर्षी मी प्रेत होतो. पहिल्या प्रवेशात मरायचं आणि पडदा पडेपर्यंत मेलेलं राहायचं. बेकरीवाल्या बाई माझ्या छातीवर पडून रडल्या, त्यांच्या बाहीवरचं पीठ माझ्या नाकात गेलं आणि मी शिंकलो. एकदाच. पण प्रेताला एकदाही शिंकायची मुभा नसते, असं दंतवैद्यांचं मत पडलं. म्हणून यंदा मला रंगमंचावरून उचलून विंगेत बसवण्यात आलं आणि ध्वनिसंयोजक अशी पदवी देण्यात आली. म्हणजे एक लॅपटॉप, दोन स्पीकर आणि ‘कशालाही हात लावू नका’ ही सूचना.

यंदाचं नाटक एका खाणावळीवजा लॉजवर आहे. तिथल्या एका खोलीतला भाडेकरू कुणालाच कधी दिसत नाही. भिंतीपलीकडून त्याचं फक्त घोरणं ऐकू येतं. त्या घोरण्यावर सगळ्या लॉजचा दिनक्रम चालतो. ते थांबलं की मालकीण घाबरते, चढलं की प्रेमिक जोडपं मोठ्याने बोलायला लागतं, असं बरंच काही. थोडक्यात, नाटकाचा नायक म्हणजे घोरणं. आणि ते शोधून आणायची जबाबदारी माझी.

आता हे शोधणं म्हणजे काय प्रकरण असतं ते तुम्हाला मी सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, हे आता कळलं. तेव्हा कळलेलं नव्हतं. गेल्या वर्षी नाटकात आम्ही एक कुठलंतरी गाणं वाजवलं होतं आणि बेकरीवाल्या बाईंच्या जावयाने नाटकाचं चित्रण इंटरनेटवर चढवलं होतं. तर कुठल्याशा संगीत कंपनीने ते दुसऱ्या दिवशी उतरवलं. दंतवैद्यांच्या मनाला ते इतकं लागलं, की यंदा त्यांनी हुकूम काढला : वाजेल आणि दिसेल ते सगळं परवानगीचं पाहिजे. त्यासाठी म्हणे खास शोधयंत्रं असतात. जगभरच्या वस्तुसंग्रहालयांनी, ग्रंथालयांनी आणि (इथे माझी लेखणी जरा थरथरते) हौशी लोकांनी ज्या वस्तू ‘घ्या, वापरा’ म्हणून मोकळ्या सोडल्यात, तेवढ्याच ती शोधून देतात. कुणाची अट असते की फक्त आमचं नाव सांगा. कुणी म्हणतं धंद्यासाठी वापरू नका. कुणी म्हणतं काय वाटेल ते करा, नावही नको, आम्ही सुटलो. आणि काहींचा मालक मरून इतकी वर्षं लोटलेली असतात की ती वस्तू आपोआप सगळ्या जगाची होते. मला हे फार आवडलं. आयुष्यभर काचेच्या कपाटाला कुलूप लावून धंदा केलेल्या माणसाला एवढं उघडं दुकान बघून गहिवरून येतं.

गहिवरून आलं म्हणून सापडलं, असं मात्र नाही. पाऊस शोधला तर ‘पाऊस’ म्हणून जे मिळालं ते कढईत काहीतरी तळल्यासारखं वाटलं. म्हणून तळण्याचा आवाज शोधला, तर तो हुबेहूब पाऊस. शेवटी नाटकात आम्ही तळणच पाडलं, आणि पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी खरोखर कॉलर वर केली. पोस्टरसाठी ‘गाढ झोप’ शोधलं. कुठल्यातरी संग्रहालयातलं एक सुंदर तैलचित्र मिळालं. मऊ उशी, गुबगुबीत सरदार, चेहऱ्यावर परम समाधान. छापलं, गल्लीभर चिकटवलं, आणि मग आमच्या मंडळातल्या वकिलांनी त्या चित्राखालची माहिती वाचली. ते सरदार झोपलेले नाहीत, मेहुणे. ते वारले आहेत. चित्र त्या वारण्याचंच आहे, कोपऱ्यात ती बाई रडतेय ती मुलगी. (दंतवैद्य म्हणाले, ‘‘राहू द्या. यंदाचं प्रेत निदान शिंकणार नाही.’’)

घोरण्याने मात्र माझा अंत पाहिला. परक्या भाषेत शोधलं तर ढिगाने मिळाली. पण दंतवैद्यांना एक पसंत पडेना. हे फार ओलं आहे. हा कुत्रा आहे. ही बाई आहे, आणि तिला सर्दी झालीय. हा माणूस घोरत नाही, घोरण्याचा अभिनय करतोय, असला अभिनय आपल्याकडे फुकट मिळतो. मी वैतागून एका दुपारी दुकानात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत थेंब टाकून त्याला बसवून ठेवलं होतं तेवढ्यात, आपल्या सरळ मराठीत ‘घोरणे’ असं टंकलं. आणि काय सांगू! एक उत्तर आलं. फक्त एक. अख्ख्या जगाच्या मोकळ्या भांडारात आपल्या भाषेत एवढं एकच घोरणं शिल्लक. त्याचं नाव : ‘घरगुती घोरणे, पंख्यासह’. वर्णन : ‘नर, मध्यमवयीन’. अट : नाव द्यावे. नाव : ‘तारवाला’.

मी ते ऐकलं आणि खुर्चीत सरळ बसलो. काय घोरणं होतं! सुरुवातीला लांबून ट्रक चढ चढतोय अशी घरघर, मग गिअर बदलल्यासारखी एक उचकी, मग इतका वेळ शांतता की आपलाच जीव वर-खाली व्हावा, आणि मग एकदम पत्र्याच्या छपरावरून पिंप गडगडत यावं तसा समारोप. मागे पंख्याची कट-कट, दूर एक पक्षी. डोळ्यांत थेंब टाकलेलं गिऱ्हाईक मिटल्या डोळ्यांनी म्हणालं, ‘‘साहेब, पुन्हा लावा.’’ त्या संध्याकाळी तालमीत लावलं. दंतवैद्यांनी चष्मा काढून पुसला. मंडळाच्या इतिहासात त्यांनी कुणाच्या कामावर चष्मा पुसल्याची ही पहिली वेळ. (काच मी दिलेली आहे, तिच्यावर वाफ धरत नाही, म्हणजे ते अश्रूच.) मी फक्त पहिलं मिनिट ऐकून ते घेतलं, शेवटपर्यंत ऐकलं नाही. माझी चूक एवढीच.

आता थोडं तुमच्या भगिनीविषयी. लग्न झाल्यापासून तिचा माझ्यावर एक आरोप आहे, तो तुम्हाला माहीत आहे, कारण तिने तो तुमच्या सगळ्या घरादाराला सांगितलेला आहे. मी तो पहिल्या दिवसापासून नाकारत आलोय. जो माणूस झोपलेला आहे त्याच्याविरुद्ध जागा माणूस काय वाटेल ते सांगेल, त्याला पुरावा म्हणत नाहीत, ही माझी बाजू. तिच्याकडे शब्द आहे, माझ्याकडेही शब्द आहे. सामना बरोबरीत. असं आमचं सुखाने चाललं होतं.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह भरलेलं. तुमची भगिनी तिसऱ्या रांगेत, दंतवैद्यांच्या सासूबाईंच्या शेजारी. पडद्यापुढे येऊन दंतवैद्यांनी अटीप्रमाणे मोठ्याने सांगितलं, ‘‘घोरण्याचा आवाज, तारवाला यांच्या सौजन्याने.’’ लोक हसले. पडदा उघडला. मी बटण दाबलं. पहिली घरघर झाली, गिअर बदलला, शांतता झाली, आणि पिंप गडगडलं. त्याबरोबर तुमच्या भगिनीने, अर्धवट सवयीने आणि पूर्ण ताकदीने, शेजारी कोपर मारलं आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

‘‘अहो, कूस बदला!’’

कोपर सासूबाईंना लागलं. (त्यांचा डावा हात अजून नमस्काराला वर येत नाही.) मग हशा. बेकरीवाल्या बाई रंगमंचावर वाक्य विसरल्या. आणि मी, ज्याने बटण दाबून आवाज थांबवायला हवा होता तो, विंगेतून तोंड बाहेर काढून बघत राहिलो. त्यामुळे रेकॉर्डिंग पुढे चालू राहिलं. आणि त्या हशाच्या वरून, दोन्ही स्पीकरमधून, अगदी तोच आवाज, तोच वैताग, तोच सूर : ‘‘कूस बदल—’’

पुढचं टाळ्यांत बुडालं. लोक उभे राहिले. त्यांना वाटलं हे सगळं बसवलेलं आहे, प्रेक्षकांतली बाई आणि भिंतीपलीकडचा आवाज एकच, काय कल्पना, काय दिग्दर्शन! दंतवैद्यांनी रंगमंचाच्या कडेला येऊन वाकून ते श्रेय घेतलं. मी विंगेत खुर्चीवर बसलो. मेहुणे, आपलं घोरणं आपण कधी ऐकलेलं नसतं. आरशात पाठ दिसत नाही तसंच ते. आणि मी ते ऐकलं होतं, निवडलं होतं, वाखाणलं होतं आणि तिकीट लावून विकलं होतं.

घरी येताना तुमची भगिनी शांत होती. इतक्या वर्षांनी पुरावा हाती आल्यावर माणूस नाचेल, तसं काही नाही. मीच विचारलं.

‘‘तू कसं ओळखलंस?’’

‘‘पंख्यावरून. आपल्या बाहेरच्या खोलीतला आहे. ती कट-कट दुसऱ्या कुणाची असेल?’’

‘‘आणि हा तारवाला कोण?’’

‘‘दादाला ऑफिसात सगळे तारवाला म्हणायचे. तुम्हाला माहीत नव्हतं?’’ एवढं बोलून ती पदराने तोंड पुसायला लागली. रडतेय असं वाटून मी पुढे काही बोललो नाही.

म्हणजे तुम्ही, मेहुणे! आमच्याकडे मुक्कामाला आलात, ‘पहाटेचे पक्षी टिपायचेत’ म्हणून बाहेरच्या खोलीच्या खिडकीत ते झबलं घातलेलं यंत्र लावून ठेवलंत, मी तुम्हाला ती खोली दिली, माझी चांगली उशी दिली. आणि दुपारी दुकान बंद करून मी त्याच खोलीतल्या सोफ्यावर क्षणभर आडवा होतो, ते साधून तुम्ही मला टिपलंत? पक्षी समजून? वर ‘मध्यमवयीन’? (तो मागे ओरडतोय तो पक्षी पहाटेचा वाटतो असं वकील म्हणाले. पक्षी काय, दुपारीही ओरडतात.)

हो, वकिलांकडे गेलो होतो. आपलेच आहेत, गल्लीच्या टोकाला. म्हटलं, माझं घोरणं, माझा हक्क. जगाला वाटून टाकणारा तारवाला कोण? त्यांनी पेन खाली ठेवलं.

‘‘बटण कुणी दाबलं?’’

‘‘मेहुण्याने.’’

‘‘त्या वेळी तुम्ही काय करत होता?’’

‘‘झोपलो होतो.’’

‘‘मग या कलाकृतीत तुमचं सर्जनशील योगदान काय?’’

‘‘घोरणं!’’

‘‘हेतुपुरस्सर?’’

ते म्हणाले, कायद्याच्या नजरेत बटण दाबणारा तो कर्ता. तुम्ही धबधबा. धबधब्याला हक्क नसतो. शिवाय एकदा मोकळं सोडलेलं ज्यांनी उचललं त्यांच्याकडून परत मागता येत नाही. तुमचे मेहुणे फार तर दुकानातली पाटी उतरवू शकतात. मग त्यांनी इंटरनेटवरचं त्या घोरण्याचं पान उघडून मला दाखवलं. मेहुणे, तुम्ही ते कधी खाली सरकवून पाहिलंत का? एका खेळ बनवणाऱ्याने मला गुहेतल्या राक्षसाला लावलंय. एकाने माझा वेग कमी करून मला देवमासा केलंय. एका मास्तरांनी भूकंपाच्या लहरी समजावायला मला वर्गात वाजवलं. आणि कुणा एका आईने लिहिलंय की तिचं तान्हं बाळ दुसऱ्या कशानेच झोपत नाही, माझ्याने झोपतं. मी ते दोनदा वाचलं. वकिलांनी विचारलं, डोळ्यांत काही गेलं का. म्हटलं, धंदाच तो, जातं कधीकधी.

इकडे तुमच्या भगिनीचं भाग्य उजळलं. दुसऱ्या प्रयोगापासून दंतवैद्यांनी रेकॉर्डिंगमधला तिचा आवाज छाटला आणि तिला प्रत्यक्ष विंगेत बसवलं. योग्य क्षणी ती ‘‘अहो, कूस बदला!’’ म्हणते आणि छप्पर उडतं. जी बाई कधी स्टेजची पायरी चढली नाही, तिला आता भाजीवाला वाकून विचारतो, पुढचा प्रयोग कधी. दुकानात बायका डोळे तपासायला येतात आणि अक्षरं वाचण्याआधी मला म्हणतात, अहो, कूस बदला. मी तिच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसतो. ती मला सूचना देते. म्हणते, गडगडाट थोडा उशिरा सोडा, मला श्वास घ्यायला जागा द्या. आम्ही दोघं अंधारात बसून एकमेकांची वेळ सांभाळतो. आणि घरी मी डाव्या कुशीवर झोपतो. पुरावा मान्य करणाऱ्यांपैकी मी आहे.

तेव्हा मुद्द्याचं. आपण नात्याने मोठे, वयाने मोठे, यंत्राने तर फारच मोठे. तरीही मी आपणास अत्यंत कडक शब्दांत कळवतो की सदर घोरणे पत्र मिळताच काढून टाकावे. माझी अब्रू चारचौघांत गेली असती तर सोसलं असतं, पण ती देवमाशापर्यंत गेली आहे. याउपर आपल्याशी माझा संबंध फक्त लग्नापुरता.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

आपला (मध्यमवयीन)
भावोजी

ता. क. : काढून टाकण्याची घाई नको. पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावच्या नाट्यस्पर्धेत आमचा प्रयोग लागलाय आणि दंतवैद्य म्हणतात, अट पाळायची तर मूळ जागी ते दिसलं पाहिजे. स्पर्धा होईपर्यंत राहू द्या.

ता. क. २ : खरं म्हणजे स्पर्धेला ते पुरत नाही. नाटक वाढलंय. तुम्ही चार दिवस राहायला याच. ते झबल्याचं यंत्र घेऊन या. मी दुपारी आडवा होईन, तुम्ही नीट, समोर बसून, काय लागेल तेवढं घ्या. या वेळी मी जेवणही जड करीन. चांगली उशी तुम्हालाच. फक्त वर्णनात ‘मध्यमवयीन’ गाळावं, आणि शक्य असेल तर माझं नाव घालावं. आयुष्यात पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली आहे हो.

दादा, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलंय म्हणून खाली दोन ओळी. पत्र वाचून मला पदर तोंडात कोंबावा लागला, आणि त्या दिवशी रस्त्यातही तसंच झालं होतं. नाटकाचं सांगितलं तेव्हा तू हसून हसून फोन ठेवून दिलास, म्हणजे तुलाही ठाऊक आहे की त्या पहाटे यंत्र चालू ठेवून त्या खोलीत कोण झोपलं होतं. चहा टाकायला उठले होते मी, आणि तुला ‘कूस बदल’ म्हणून हाक मारून गेले. हे घोरतात ते निराळंच, त्यात देवमासा वगैरे काही नाही, नुसतं कुकरसारखं. पण पहिल्यांदाच हे आपणहून कूस बदलून झोपतायत आणि मला झोप लागतेय. तेव्हा ये, ह्यांचं रेकॉर्डिंग कर, खूप छान आलंय म्हण आणि नाटकाला मात्र तुझंच आणखी थोडं दे. मी ह्यांना ‘बदला’ म्हणते, तुला ‘बदल’. सगळा फरक एका कान्याचा आहे. तो तेवढा ह्यांच्या कानी जाऊ देऊ नकोस.